जिन्याखालचे मीटर

दिल्लीच्या सरकारी वसाहतीत ज्या इमारतीत आम्ही राहतो, तिच्या जिन्याखाली एक लोखंडी कपाट आहे. आठ बिऱ्हाडांची आठ मीटरे त्यात ओळीने बसविलेली आहेत. कपाटाची काच धुळीने आंधळी झालेली. पुढ्यात कोणाची तरी मोडकी सायकल. येथे बदलून आल्यावर पहिली तीन वर्षे मी त्या कपाटात एकदाही डोकावलो नव्हतो, आणि माझ्या बंगाली व मल्याळी शेजाऱ्यांपैकीही कोणी डोकावल्याचे ऐकिवात नव्हते. महिन्याकाठी एक माणूस येई, सायकल बाजूला सारी, आकडे टिपून घेई आणि निघून जाई. मग बिल येई व आम्ही ते भरीत असू.

साताऱ्यास आमच्या घरी असे नव्हते. तेथे मीटर ओसरीत, दाराच्या माथ्यावर होते. वडील शाळामास्तर. दर रविवारी सकाळी स्टुलावर उभे राहून ते मीटरचा आकडा वाचीत आणि भिंतीवरच्या 'कालनिर्णया'त, दुधाच्या खाड्यांच्या आणि इस्त्रीच्या कपड्यांच्या हिशेबाशेजारी, त्या दिवसाच्या चौकटीत बारीक अक्षरात मांडीत. पाहुण्यांच्या आठवड्यात किती युनिटे अधिक गेली, गौरी-गणपतीच्या माळांना किती लागली, हे त्यांना तोंडपाठ असे. आम्हा मुलांना आकड्यांचे काही नव्हते. आम्हाला वेड होते ते मीटरमधल्या फिरत्या चकतीचे. तिच्या कडेवर एक काळी खूण असे. ती खूण समोरून गेली की मोजावयास लागायचे, पुन्हा समोर येईपर्यंत. आई इस्त्री सुरू करी तेव्हा आमची मोजणी चारपाचावरच संपे.

हे सारे आठवण्यास कारण घडले ते दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात. कूलर तोच, पंखे तेच, माणसे तीच, आणि बिलात पूर्वीच्या उन्हाळ्याहून सुमारे सत्तर युनिटे अधिक. दिल्लीत २०१९ सालापासून महिना २०० युनिटांपर्यंतच्या घरगुती विजेस आकार नाही व ४०० पर्यंत सवलत आहे. आमचा आकडा ती दुसरी वेस ओलांडून पलीकडे गेला, आणि कारकुनाच्या पगाराला ते जाणवले. मी चौकशीच्या खिडकीशी गेलो. मीटर तपासलेले आहे व बरोबर आहे, असे मला सांगण्यात आले. ही वीज घरात कोणी वापरली, असे मी विचारले, तेव्हा खिडकीतल्या गृहस्थांनी माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले ती मी ओळखली. माझ्या स्वतःच्या टेबलापुढे कोणी असा प्रश्न केला तर मीही असाच पाहतो. त्यांच्या रजिस्टरात तो रकानाच नव्हता. आठ तास नोंदी करण्यात घालविणाऱ्या माणसाला एवढे कळते की, ज्याच्या टेबलावर नोंद जावयाची असते त्याच्याच गरजेप्रमाणे तिचे रकाने आखलेले असतात. मीटर ही नोंद कोणाच्या गरजेप्रमाणे आखली गेली, हे शोधण्याची जिज्ञासा मला त्या खिडकीपाशी झाली. त्या वाचनातून हाती लागलेला इतिहास येथे मांडतो.

विजेचे घराघरांत वितरण करणारे एडिसनचे वीजगृह न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर ४ सप्टेंबर १८८२ रोजी सुरू झाले. वस्तू विकावयाची तर ती मापली पाहिजे. धान्याला पायली आहे, तेलाला पळी आहे. ही वस्तू मात्र तारेतून येते आणि दिव्यात नाहीशी होते. एडिसनने काढलेली युक्ती रसायनशाळेतली होती. काचेच्या भांड्यात जस्ताच्या क्षाराचे पाणी आणि त्यात जस्ताचे दोन पत्रे. घरात येणाऱ्या प्रवाहाचा एक अत्यल्प पण ठरावीक हिस्सा या पाण्यातून जाई; जसजसा प्रवाह जाई तसतसे एका पत्र्याचे जस्त झिजून दुसऱ्यावर चढे. ठरलेल्या दिवशी कंपनीचा माणूस येऊन पत्रे काढून नेई. ते धुऊन, वाळवून नाजूक तराजूत तोलले जात आणि वजनातल्या फरकावरून बिल होई. हिवाळ्यात पाणी गोठण्याचे भय, म्हणून पेटीतच एक दिवा ठेवीत. थंडी वाढली की तो आपोआप लागे व पेटी ऊबदार राही.

या मापात कपट नव्हते. परंतु ज्याच्या घरात ते बसविले होते त्याला ते वाचता मात्र येत नसे. भांड्यातल्या पत्र्याकडे पाहून आपली वीज किती गेली हे एडिसनलाही सांगता आले नसते. ग्राहकांचा संशय येथूनच सुरू झाला, आणि त्या संशयाची एक नामी आठवण एडिसनने पुढे सांगितली आहे. धनाढ्य पेढीवाला जे. पी. मॉर्गन याचे कार्यालय हे या कंपनीचे मोठे गिऱ्हाईक. कंपनीत त्याचे भांडवलही होते. तरीही मीटरवर त्याचा विश्वास बसेना. त्याने प्रत्येक दिव्यापाशी एकेक पत्ता टांगावयास लावला आणि दिवा केव्हा लावला, केव्हा मालविला, हे त्यावर टिपून ठेवण्याची आज्ञा केली. महिनाअखेर पत्त्यांची बेरीज झाली. बिलाशी ती जुळेना. एडिसन स्वतः कार्यालयात जाऊन सगळे पाहून आला आणि शेवटी त्याने इमारतीच्या झाडूवाल्याला बोलाविले. सर्व मंडळी घरी गेल्यावर हा गृहस्थ साफसफाई करी, तीही अर्थात दिव्यांच्या उजेडात. त्याच्या तासांचा पत्ता कोणीच ठेवला नव्हता. ते तास मिळविले तेव्हा मीटर आणि पत्ते यांचा मेळ बसला.

ही कथा एडिसन आपल्या मीटरच्या बढाईखातर सांगे. मला तिच्यात दुसरेच दिसते. मीटरने एकूण बेरीज बिनचूक सांगितली होती. ती बेरीज कोणाची, हे कळले ते दिव्यापाशी टांगलेल्या पत्त्यांमुळे आणि एका माणसाने केलेल्या विचारपूशीमुळे. घरोघरच्या वीजवापराची दैनंदिन नोंद ग्राहकाच्या डोळ्यांसमोर ठेवण्याचा हा बहुधा अगदी आरंभीचा प्रयोग म्हणावयास हवा, आणि तो केला तो बचतीसाठी नव्हे, तर अविश्वासापोटी.

पुढे जस्ताचे पत्रे गेले. १८८८ साली अमेरिकेत वेस्टिंगहाउस कंपनीच्या ऑलिव्हर शॅलेनबर्जर याला, दिव्यातून निसटून पडलेली एक स्प्रिंग विद्युत्चुंबकाशेजारी आपोआप फिरत असलेली दिसली, आणि त्यातून त्याला फिरत्या मीटरची कल्पना सुचली असे सांगतात. पुढच्याच वर्षी बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातील ओट्टो ब्लाथी याने चकतीच्या मीटरचे पेटंट घेतले. साताऱ्यास आमच्या ओसरीत जे होते ते याच घराण्यातले. रचना साधी आहे: घरातली वीज जितकी अधिक, तितकी चकती वेगाने फिरते आणि तिच्या फेऱ्या दातेरी चाके मोजून ठेवतात. मीटरच्या तोंडावरच एका युनिटास किती फेरे हे छापलेले असते. समजा ते ६०० आहेत. तर साठ वॉटचा एक दिवा लावला असता चकतीचा एक फेरा शंभर सेकंदांत पुरा होतो आणि हजार वॉटच्या इस्त्रीला सहा सेकंद पुरतात. आम्ही मुले चारपाच म्हणून मोजीत होतो ते थोडे सावकाश मोजीत असलो पाहिजे.

म्हणजे पाहा, ज्याला आज 'त्या क्षणाची नोंद' म्हणून मोठ्या कौतुकाने सांगतात ती चकतीने शंभर वर्षे दाखविली. इस्त्री लागली की वेग वाढलेला दिसे, विझली की उतरलेला दिसे. पण पाहणार कोण? पाश्चात्त्य देशांत मीटर हळूहळू तळघरात तरी गेले किंवा बाहेरच्या भिंतीवर तरी. कारण आकडे टिपणाऱ्या माणसाला दार वाजवावे लागू नये. आमच्या जिन्याखालच्या कपाटामागेही तीच सोय आहे.

हे केवळ सोयीपुरते घडले असे मात्र नाही. विकणाऱ्याला ग्राहकाने मीटरकडे पाहावे असे मुळात वाटतच नव्हते, आणि त्याची हकीकत इंग्लंडातील ब्रायटन या समुद्रकाठच्या गावी सुरू होते. तेथील वीजपुरवठ्याचा प्रमुख आर्थर राइट याने एक नवे मीटर केले होते. एकूण वापराबरोबरच, ग्राहकाने एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढली, हेही त्यात उमटून राही. विजेचा खरा खर्च असतो तो ऐन गर्दीच्या घटकेसाठी सज्ज राहण्याचा. यंत्रे उभी केली की ती चालोत वा न चालोत, व्याज चालूच असते. म्हणून जो थोड्या वेळासाठी पुष्कळ ओढतो त्याने अधिक द्यावे आणि जो दीर्घकाळ सारखी वापरतो त्याला वीज स्वस्त पडावी, असा राइटचा हिशेब. १८९४ साली शिकागोच्या एडिसन कंपनीचा प्रमुख सॅम्युएल इन्सल इंग्लंडात आला असता ब्रायटनला गेला. लहानसहान दुकानेही रात्री दिव्यांनी झगमगत होती. असे कसे, म्हणून त्याने चौकशी केली आणि राइटच्या मीटरची विद्या घेऊन तो शिकागोस परतला. जितके अधिक वापराल तितका दर कमी, हे तत्त्व त्याने अमेरिकेत असे रुजविले की पुढली सत्तर वर्षे तो धंद्याचा धर्म होऊन बसला.

इन्सलला दोष देण्याचा माझा हेतू नाही. वीज स्वस्त झाली म्हणून ती मजुराच्या खोलीत पोहोचली. आमच्या आजोबांच्या पिढीने रॉकेलच्या चिमणीखाली काढलेल्या रात्री ज्याने ऐकल्या आहेत, तो स्वस्त विजेविरुद्ध बोलणार नाही. पण या धर्माच्या राज्यात मीटर हे दुकानदाराच्या गल्ल्यासारखे झाले. १९५६ साली अमेरिकेतील वीजकंपन्या आणि उपकरणांचे कारखानदार यांनी मिळून विजेने सुखाने राहा अशी एक प्रचंड मोहीमच काढली. ज्या घरात सारे काही विजेवर चाले त्याच्या दाराशी लावावयास पदक मिळे. पदक दर्शनी दारात आणि मीटर तळघरात, अशी ती मांडणी होती.

याला एक अपवाद होता, आणि तो गरिबांचा. ब्रिटनमध्ये भाड्याच्या खोल्यांतून नाणे टाकण्याची मीटरे असत. शिलिंग टाकावे, दिवा आणि शेगडी चालावी, शिलिंग सरले की अंधार. अशा घरात विजेचा हिशेब कोणास समजावून सांगावा लागत नसे. तळघरातले मीटर न पाहण्याची मुभा ज्यांच्याकडे पैसा होता त्यांना होती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढे तिचा संबंध येणार आहे.

मीटर पुन्हा माणसांसमोर आले ते न्यू जर्सीतील ट्विन रिव्हर्स नावाच्या एका नव्या वसाहतीत. जवळच्या प्रिन्स्टन विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे व अभियांत्रिकीचे अभ्यासक, रॉबर्ट सोकोलो यांच्या पुढाकाराने, तेथील घरांत ऊर्जा कशी खर्च होते हे तपासू लागले होते. काम सुरू झाले तेव्हा अमेरिकेत तेल मुबलक होते. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि जो विषय कोणी विचारीत नव्हते तो एकाएकी राष्ट्राचा प्रश्न झाला.

ट्विन रिव्हर्सची घरे एकाच आराखड्याची, एकास एक लागून. आपल्या सरकारी क्वार्टरांसारखीच म्हणा ना. भिंती त्याच, खिडक्या त्याच, यंत्रेही एकाच प्रकारची. शास्त्रज्ञांची अपेक्षा अशी की खर्चही सारखाच असावा. तो नव्हता. एकाच्या दुप्पट दुसऱ्याचा, असे अंतर पडलेले दिसले. घर तेच राहून बिऱ्हाड बदलले की आकडाही बदले. म्हणजे फरक विटांत नव्हता, राहणाऱ्यांत होता. भिंतीतली फट बुजविणे अभियंत्याला येते. माणसाच्या सवयीपुढे त्याचा इलाज चालत नाही. तेव्हा प्रिन्स्टनच्या या अभ्यासात मानसशास्त्रज्ञांना बोलाविण्यात आले. क्लाइव्ह सेलिगमन, जॉन डार्ली आणि लॉरेन्स बेकर ही ती मंडळी.

सेलिगमन आणि डार्ली यांनी एकोणतीस सारखी घरे निवडली. उन्हाळ्याचे दिवस होते. वातानुकूल यंत्रे चालू होती. बाहेरच्या तपमानावरून, त्या दिवशी एखाद्या घरात किती वीज लागावी, याचा अंदाज त्यांनी आधी बांधला. मग निम्म्या घरांना, आदल्या दिवशी त्यांनी त्या अंदाजाच्या शेकडा किती वापरली, हा आकडा स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर लावलेल्या एका लहानशा पारदर्शक पेटीत दिसेल असा ठेवला. उरलेल्या घरांना काहीच दाखविले नाही. येथे यंत्राचे काही कौतुक नव्हते. माणसाने जाऊन मीटर वाचावयाचे, हिशेब करावयाचा आणि चिठ्ठी लावावयाची, असाच प्रकार होता. सुमारे महिन्याभरात, ज्यांना आकडा दिसत होता त्यांची वीज दुसऱ्यांपेक्षा १०.५ टक्क्यांनी कमी झाली. हा निबंध १९७७ साली प्रसिद्ध झाला.

पेटीतला आकडा नुसती युनिटे दाखवीत नव्हता, यात मला त्यांची हुशारी वाटते. चौतीस युनिटे झाली, असे कोणी सांगितले तर आपण 'बरे' म्हणून चहा घेतो. कालच्या उन्हाला जेवढी लागावयास हवी होती त्याहून दहा टक्के अधिक, असे सांगितले तर मनुष्य क्षणभर थबकतो. वडिलांनी 'कालनिर्णया'त गेल्या रविवारचा आकडा ठेवला होता तोही याच कामासाठी.

बेकरने पुढे जाऊन विचारले: नुसते दाखवून पुरे होते काय? ऐंशी कुटुंबे घेऊन त्याने निम्म्यांना वीस टक्के बचतीचा संकल्प करावयास सांगितले आणि निम्म्यांना अवघ्या दोन टक्क्यांचा. प्रत्येक गटातील अर्ध्यांना आठवड्यातून तीनदा आपली प्रगती कळे, अर्ध्यांना कळत नसे. निकाल असा की, मोठा संकल्प आणि वारंवार नोंद ही दोन्ही ज्यांना मिळाली त्यांनीच लक्षणीय, तेरा ते पंधरा टक्क्यांची बचत केली. सोपा संकल्प करून नोंद पाहणाऱ्यांचे काही विशेष झाले नाही. अवघड संकल्प करून आंधळेपणाने चालणाऱ्यांचेही नाही.

याच मंडळींचा आणखी एक प्रयोग मला फार आवडला. स्वयंपाकघरात त्यांनी एक लहानसा दिवा बसविला. घरातले थंडाव्याचे यंत्र चालू असून बाहेरची हवा ६८ फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या वीस अंशांच्या, खाली गेली की तो लुकलुकू लागे आणि यंत्र बंद करीपर्यंत लुकलुकत राही. खिडकी उघडली तर काम भागेल, एवढेच तो सांगे. आकडा नाही, उपदेश नाही, बिलाची भीती नाही. त्या दिव्याने वीज सुमारे सोळा टक्क्यांनी वाचली. ज्या क्षणी काही करता येण्यासारखे आहे त्याच क्षणी, आणि काय करावे हे उघड दिसेल अशा रीतीने, ती सूचना येई. महिनाअखेरच्या बिलाला हे कधी साधणार?

ट्विन रिव्हर्सनंतर यंत्रे आली. नॉर्थ कॅरोलायनात, विजेवरच सारे चालणाऱ्या काही घरांत, या घटकेला तासाला किती सेंट खर्च होत आहेत ते सतत दाखविणारी पेटी बसविली. वापर सुमारे १२ टक्क्यांनी उतरला. हॉलंडमध्ये व्हान हाउवेलिंगेन आणि व्हान राय या संशोधकांनी रोजचा गॅस दाखविणारे यंत्र घरांत ठेवले व दहा टक्क्यांचे ध्येय दिले, बचत १२.३ टक्के झाली. परंतु १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातच पुढची गोष्ट आहे. यंत्रे काढून नेली आणि वर्षभरात कुटुंबे बहुतांशी आपल्या जुन्या वळणावर गेली. हॉलंडचीच आणखी एक कथा पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते: ॲमस्टरडॅमनजीकच्या एका वसाहतीत काही घरांची मीटरे तळघरात व काहींची पुढच्या दालनात बसली आणि दालनातल्या मीटरांच्या घरी वीज एकतृतीयांशाच्या आसपास कमी लागली. अमेरिकन विदुषी डोनेला मेडोज यांनी ती सांगितली, पण त्यांनीही ती एका परिषदेत कानावर आलेली गोष्ट म्हणूनच सांगितली आहे. कथा इतकी मनाजोगी आहे की मी ती पुराव्यात धरीत नाही.

कारण जसजसे प्रयोग मोठे झाले तसतसे आकडे लहान झाले. ब्रिटनमध्ये २००७ ते २०१० या काळात सुमारे साठ हजार घरांत विविध उपाय करून पाहिले. नवे मीटर आणि घरातला पडदा ही जोडी मिळालेल्या घरांत विजेची बचत निघाली ती सुमारे तीन टक्के. थोड्या घरांत, विद्यापीठातील माणसे दारात येजा करीत असताना जे होते, ते साठ हजार घरांत होत नाही, यात नवल काय? आमच्या कचेरीत तपासणी यावयाची असली की त्या आठवड्यात फायली किती भराभर हलतात!

कॅलिफोर्नियातील सान मार्कोस येथील २००७ च्या एका प्रयोगात तर उलटेच घडले. लोकांना शेजारपाजारची सरासरी कळविली, तेव्हा जास्त वापरणारे खाली आले. पण जे आधीच कमी वापरीत होते ते, आपण उगाच काटकसर करीत होतो असे वाटून की काय, वर चढले. त्यांच्या चिठ्ठीवर एक हसरा चेहरा काढला आणि ते चढणे थांबले. मोठ्यांना शाबासकी लागते ती अशी. आपल्या दिल्लीच्या परिसरातील सदनिकांतही असा अभ्यास झाला आहे. अनंत सुदर्शन यांनी २०१७ साली तो प्रसिद्ध केला. शेजाऱ्यांशी तुलना करणारे साप्ताहिक पत्रक मिळालेल्या कुटुंबांचा उन्हाळ्यातील वापर सुमारे सात टक्क्यांनी उतरला. त्याच पत्रकाला पैशाच्या बक्षिसाची जोड दिली तेव्हा मात्र तो लाभ उरला नाही. पैसे आले की गोष्ट मोलभावाची होते आणि मोलभावात आपल्याला हवी ती सोय आपण पैसे मोजून घेतो, असा मी त्याचा अर्थ लावतो.

आता हे सारे आपल्या दाराशी आले आहे. २०२१ साली केंद्र शासनाने देशात २५ कोटी नवी, आधी पैसे भरण्याची मीटरे बसविण्याचे योजिले. ही मीटरे अर्ध्या-अर्ध्या तासाची, काही पाव तासाची नोंद ठेवतात. एडिसनच्या पत्र्यापासून इतकी सूक्ष्म नोंद घराघराची कधीच झाली नव्हती. ती जाते मात्र प्रथम वीजमंडळाकडे; वीजगळती आणि थकबाकी यांना आळा घालणे हा योजनेचा मुख्य हेतू आहे आणि तो कागदोपत्री स्पष्ट लिहिलेला आहे. त्यात गैर काही नाही. मंडळे बुडत असतील तर दिवा कोणाच्याच घरी लागावयाचा नाही. ग्राहकाने आपले आकडे पाहावयाचे ते बहुधा भ्रमणध्वनीवर, आणि तेही शोधून. महाराष्ट्रात २०२४ साली या मीटरांना केवढा विरोध झाला ते आपण घरच्या पत्रांतून आणि वर्तमानपत्रांतून वाचले असेल. तो अडाणीपणाचा विरोध होता, असे येथल्या काही सुशिक्षितांचे मत ऐकले. मला तसे वाटत नाही. पैसे सरले की रात्री दिवा जाईल, ही भीती त्या ब्रिटिश शिलिंगवाल्या खोलीतली आहे. ज्याच्या घरात दोन दिवे आणि एक पंखा एवढीच वीज आहे, त्याला काटकसर पडदा लावून शिकवावयाची नसते. शिकावयाचे असेल तर ते आम्हा कूलर, फ्रीज आणि गीझरवाल्यांनी.

आता माझ्या सत्तर युनिटांकडे येतो. ट्विन रिव्हर्सचे वाचून झाल्यावर एका रविवारी मी विजेरी घेऊन जिन्याखाली गेलो, सायकल बाजूला केली आणि काच पुसली. आमच्या मीटरमध्ये चकती नाही. एक तांबडा ठिपका आहे, तो लुकलुकतो. एका युनिटास ३२०० लुकलुक असे त्यावर छापलेले आहे. सौभाग्यवती वर तिसऱ्या मजल्यावर, फोन कानाला लावून. मी सांगावे, तिने एकेक बटण बंद करावे. कूलर गेला, ठिपका मंदावला. फ्रीज गेला, आणखी मंदावला. अखेर तिने घरातला मेन स्विचच खाली ओढला. ठिपका थांबावयास हवा होता. मी घड्याळ धरले. अकरा सेकंदांनी तो पुन्हा लुकलुकला. पुन्हा अकरा सेकंदांनी. हिशेब केला तर शंभर वॉटच्या आसपास निघाले, दिवसरात्र. महिन्याची बहात्तर युनिटे.

एव्हाना बंगाली शेजारी, त्यांचा मुलगा आणि वरचे मल्याळी गृहस्थ जमले होते. कोणी मीटर नादुरुस्त असल्याचे निदान केले, कोणी तारचोरीचे. मुलगा मात्र इकडेतिकडे पाहत होता. जिन्यात दोन जुन्या ट्यूब आहेत, एक खालच्या मजल्यावर व एक मधल्या. जिना अंधारा म्हणून त्या दिवसाही चालू असतात. त्याने भिंतीवरचे बटण दाबले आणि तांबडा ठिपका स्थिर झाला.

आमच्या मीटरनंतर आणि आमच्या मेन स्विचच्या अलीकडे कोणी तरी ती तार जोडली होती. केव्हा जोडली, कोणाच्या सांगण्यावरून, हे कोणास ठाऊक नाही. दुरुस्तीच्या वहीत तशी नोंद नाही. मी रीतसर अर्ज केला, त्याला क्रमांक मिळाला, आणि क्रमांक असलेल्या अर्जाचे जे होते ते त्याचे झाले. तोवर दिवसा जो कोणी जिना उतरतो तो ट्यूब मालवून जातो. बंगाली शेजाऱ्यांच्या मुलाने कपाटाच्या काचेवर आठही बिऱ्हाडांची नावे असलेला एक कागद चिकटविला आहे आणि शाळेतून येताना तो आमचा आकडा त्यावर टिपून ठेवतो. गेल्या महिन्यापासून मल्याळी गृहस्थांनीही आपला टिपावयास सांगितला आहे.